पॉप गाणे आणि सिंफनी ऑर्केस्ट्रा

एखादा मुरलेला पॉप गायक सिंफनी ऑर्केस्ट्रासोबत गातो, तेव्हा मागे भरपूर व्हायोलिने बसवून जुनेच गाणे भारदस्त केले आहे, असा अनेकांचा समज होतो. काही कार्यक्रमांत तसे होतेही, आणि ते बहुधा कंटाळवाणे असतात. खरे काम अरेंजमेंटचे (कोणते वाद्य कधी, काय वाजवणार याची लिखित आखणी) असते. आईच्या जुन्या पैठणीचा ड्रेस शिवताना कापड तेच राहते, बेतावे मात्र नव्याने लागते, तसेच हे.

ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएल यांनी 2010 मध्ये, वयाच्या साठीत, गिटार आणि ड्रम वर्ज्य करून ऑर्केस्ट्रासोबत दौरा काढला. वाद्यांची आखणी प्रामुख्याने जॉन मेटकाफ यांची. आता ड्रम नाहीत, तर ठेका कोण धरणार? अशा वेळी चेलोवादक गज तारांवर तोडून तोडून चालवतात आणि लय त्यातून उभी राहते. गायकाने ओळ लांबवली, की कंडक्टरला (वाद्यवृंदाचा संचालक) त्याचा श्वास ओळखून छडी रोखावी लागते. बँडमधले चौघे नजरेनेच सावरून घेतात. इथे चाळीसहून अधिक वादकांसमोर कागद असतो आणि त्यांचे अर्धे लक्ष त्या छडीकडे.