सराव-प्रयोगशाळा, सर्व्हर-व्यवस्थापनाची

संगणकजालातील इतर संगणकांना सेवा पुरविणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात. त्याचे व्यवस्थापन शिकणाऱ्यास चुका करण्याची मुभा देणारी आणि मोडल्यास लिखित वर्णनावरून आपोआप पुन्हा उभी राहणारी रचना म्हणजे स्वयंचलित सराव-प्रयोगशाळा होय. जगातील पुष्कळसे सर्व्हर लिनक्स या परिचालन प्रणालीवर चालतात. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेतील ‘परम सिद्धि-एआय’ हा महासंगणकही याच प्रणालीवर चालतो. नोव्हेंबर २०२० मध्ये तो जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत ६३ व्या स्थानी होता.

गरज : चालू सर्व्हरवर दिलेली चुकीची आज्ञा बहुधा मागे घेता येत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एका कर्मचाऱ्याने, आपण दुय्यम सर्व्हरवर आहोत अशा समजुतीने, मुख्य सर्व्हरवरील माहितीसाठा पुसला. नेहमीच्या राखीव प्रती निघतच नव्हत्या, हे त्या वेळी लक्षात आले. अखेर सुमारे सहा तास आधीच्या एका प्रतीवरून काम सावरले गेले. राखीव प्रत उपयोगी आहे की नाही, हे ती परत चढवून पाहिल्याखेरीज कळत नाही. हा सराव चालू सर्व्हरवर करणे मात्र धोक्याचे असते.

रचना : एकाच संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालविता येतात. त्यासाठीची केव्हीएम ही सोय २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. व्हेग्रंट (२०१०) हे साधन फाइलमधील वर्णनानुसार यंत्रे उभी करते, तर अँसिबल (२०१२) त्यांवर सेवा बसविते. अँसिबलच्या सूचनांत सामान्यतः यंत्राची अपेक्षित स्थिती सांगितलेली असते. ती आधीच साधलेली असल्यास काहीही बदलले जात नाही. त्यामुळे त्याच सूचना पुनःपुन्हा निर्धोकपणे देता येतात.

सराव व परीक्षण : सेवा बंद पाडणे, तबकडी भरून टाकणे, फाइलींचे अधिकार बिघडविणे असे दोष आज्ञावलीद्वारे मुद्दाम निर्माण करतात. विद्यार्थ्याने कोणत्या आज्ञा दिल्या यापेक्षा, यंत्र पुन्हा सुरू केल्यावर सेवा चालते का, हे तपासणे योग्य ठरते. प्रयोगशाळेचे जाल वेगळे असावे आणि तीत खरी माहिती वा खरे परवलीचे शब्द वापरू नयेत.

आवश्यक फाइली एकदा उतरवून घेतल्यावर आंतरजालाची गरज उरत नाही. त्यामुळे मुरुमसारख्या (जि. धाराशिव) लहान शहरातही एका साध्या संगणकावर हा सराव शक्य आहे. यंत्रसामग्रीतील बिघाड आणि हजारो वापरकर्त्यांचा भार यांचा अनुभव मात्र तीत मिळत नाही.