मरळ वर का येते?

पेणजवळच्या आमच्या गावी आषाढात तळ्याच्या काठाला लालसर पिल्लांचा पुंजका तरंगताना दिसे. खाली मरळींची जोडी राखणीला. थोड्या थोड्या वेळानं एखादी वर येऊन हवा गिळे, आणि नेमके तेव्हा माझे काका भाला घेऊन टपलेले असत.

ही सवय फार जुनी बरं का! मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते. तिथं हवेतला प्राणवायू रक्तात मिसळतो. या कुळाचे जवळजवळ पाच कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म पाकिस्तानात सापडले आहेत. कोमट, गढूळ पाण्यात इतर मासे गुदमरतात, तिथं मरळ शिकार करते. भातखाचरात एक जात, मोठ्या नदीत मीटरभर वाढणारी दुसरी, डोंगरातल्या ओहोळात वीतभर तिसरी. आशियात अशा पन्नासेक जाती झाल्या, आफ्रिकेत तीनच. 2019 मध्ये केरळच्या भूगर्भातल्या पाण्यातून मरळीचा एक दूरचा नातेवाईक नोंदला गेला. त्याला मात्र ही पोकळी नाही!

हवेसाठी वर यावंच लागतं, म्हणून मरळ भाल्याला सापडते. आईबाप गेले की पिल्लांवर दुसरे मासे तुटून पडतात. काकांना हे उमगेपर्यंत दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी तळ्यात पुंजका दिसलाच नाही.