अजगर पाळावा काय?

'अजगर' हा शब्द संस्कृत आहे. अज म्हणजे बोकड. त्याला जो गिळतो तो अजगर, अशी त्याची सरळ व्युत्पत्ति आहे. नांव ठेवतांना आमच्या पूर्वजांनीं ह्या प्राण्याच्या रंगाकडे किंवा नक्षीकडे पाहिलें नाहीं, त्याच्या घशाकडे पाहिलें, ही गोष्ट प्रारंभींच ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुढें त्याच प्राण्यावर त्यांनीं मोठीं कामें सोंपविलीं. महाभारताच्या वनपर्वांत शापानें अजगर झालेला नहुष भीमासारख्या बलाढ्य पुरुषाला विळख्यांत धरतो आणि युधिष्ठिराकडून धर्माविषयींच्या प्रश्नांचीं समर्पक उत्तरें मिळाल्यावरच सोडतो. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूताच्या चोवीस गुरूंत अजगराची गणना आहे. आपण होऊन जें मिळेल त्यावर संतुष्ट राहावें, हा त्यानें दिलेला धडा. तात्पर्य, अजगराला आम्हीं गुरु केलें, शापित राजा केलें, संकट केलें. घरचें लेंकरूं मात्र कधीं केलें नाहीं.

तें करावें कीं काय, असा प्रश्न आतां सुशिक्षित कुटुंबांतून उत्पन्न होऊं लागला आहे. आमच्या पुतण्याचें बिऱ्हाड अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत आहे. त्याच्या सोळा वर्षांच्या मुलानें मोठ्या जातीच्या अजगराचें पिल्लूं विकत घेण्याचा हट्ट धरला आहे. मुलगा उनाड नाहीं. अभ्यासू आहे, आणि सर्पांविषयीं त्यानें पुष्कळ वाचलेंहि आहे. बाप 'नको' म्हणावयास कचरतो, आई 'हो' म्हणावयास धजत नाहीं. घरांत तीन वर्षांची धाकटी बहीण आहे आणि सत्तरी उलटलेल्या आमच्या वहिनी, म्हणजे मुलाच्या आजी, तेथेंच राहतात. "काका, तुम्हीच काय तें सांगा," असें पुतण्यानें लिहिलें. दोन्ही पक्ष ऐकल्यावांचून निकाल द्यावयाचा नाहीं, ही संवय शाळेच्या नोकरींत आमच्या अंगीं मुरली आहे. तेव्हां प्रथम आम्हीं विषय समजून घेतला. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण असा हट्ट आज एका घरीं निघाला तर उद्यां दुसऱ्या घरीं निघेल.

आधीं मुलाची बाजू पाहूं. अजगर विषारी नाहीं. तो भुंकत नाहीं, घर कुरतडत नाहीं, रोज अन्न मागत नाहीं. पूर्ण वाढलेल्या अजगरास दोन-तीन आठवड्यांनीं एकदां खाणें मिळालें तरी पुरतें. माणसाच्या हाताखालीं वाढलेलें जनावर बहुधा शांत असतें. शिवाय त्याच्या देहाचे चमत्कार थोडे नाहींत. मोठें भक्ष्य गिळल्यावर ब्रह्मी अजगराचें हृदय दोन दिवसांच्या आंत सुमारें ४० टक्क्यांनीं वाढतें आणि पचन आटोपलें कीं पूर्ववत् होतें, असें २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. मादी आपल्या अंड्यांभोंवतीं वेटोळें घालून बसते आणि अंगाचे स्नायु थरथरवून त्यांना ऊब देते. थंड रक्ताच्या प्राण्यांत हें वात्सल्य पाहून कोणाहि विचारी मनुष्यास कौतुक वाटेल. ज्या मुलाला ह्या प्राण्याची ओढ लागली त्याला आम्ही वेडा म्हणणार नाहीं.

परंतु ओढ लागणें ही एक गोष्ट आणि पोसणें ही दुसरी. दुकानांत मिळतें तें पिल्लूं दीड-दोन फुटांचें, ओंजळींत मावणारें, डोळ्यांत भरणारें असतें. ब्रह्मी अजगराचें तें पिल्लूं भरपूर खाणें मिळाल्यास दीड-दोन वर्षांत सात-आठ फूट होतें आणि पुढें बारा ते सोळा फुटांपर्यंत जातें. २०२३ सालीं फ्लॉरिडांत पकडलेला एक ब्रह्मी अजगर १९ फूट भरला. आग्नेय आशियांतील जाळीदार अजगर तर त्याहूनहि लांब. अमेरिकेंत कॅन्सस सिटी येथें 'मेडुसा' नांवाची जाळीदार जातीची मादी होती. २०११ सालीं तिची लांबी ७.६७ मीटर, म्हणजे २५ फुटांहून किंचित् अधिक, आणि वजन १५८.८ किलो नोंदलें गेलें. एवढ्या जनावराला पेटी पुरत नाहीं, खोली लागते. आणि त्या खोलीची एक बाजू अहोरात्र नव्वद अंश फॅरनहाइटच्या आसपास ऊबदार ठेवावी लागते.

आयुष्याचाहि हिशेब करावयास पाहिजे. हा प्राणी माणसाच्या संगोपनांत वीस वर्षें आणि त्याहून अधिक जगतो. मुलगा आज सोळा वर्षांचा आहे. दोन वर्षांनीं तो कॉलेजास दुसऱ्या गांवीं जाईल, पुढें नोकरीस, मग संसारास. त्याच्या वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं अजगर बहुधा जिवंत असेल. मधल्या काळांत त्याला खाऊं कोण घालणार, त्याची खोली कोण धुणार? एकत्र कुटुंबांत एकाच्या हौसेचें ओझें बहुधा दुसऱ्याच्या खांद्यावर पडतें, आणि ज्याच्या खांद्यावर पडतें त्याचें मत घेतलेलें नसतें, हा अनुभव सर्वांनाच आहे.

खाण्याचा विचार तर आमच्यासारख्या घरांनीं अधिकच करावयास हवा. गाईला गवत, पोपटाला डाळ-मिरची, मांजराला दूध-भात घालून आपण प्राणी पाळले. अजगराला शाकाहारी करतां येत नाहीं. तो प्रयत्न करणें ही त्याची उपासमार होय. लहानपणीं उंदीर, मोठेपणीं घुशी आणि ससे. हे मारून गोठविलेले विकत मिळतात आणि बर्फाच्या कपाटांत सांठवून ठेवावे लागतात. ज्या घरीं वहिनी रोज नैवेद्य दाखवितात त्याच घरीं हें चालणार. ह्यांत अजगराचा कांहींच अपराध नाहीं. निसर्गानें त्याचें पान तसें वाढलें आहे. पण सशाच्या मरणाची जबाबदारी जो स्वखुशीनें पत्करतो त्यानें ती डोळे उघडे ठेवून पत्करावी. आईला किंवा आजीला न सांगतां पत्करूं नये.

आतां धोक्याविषयीं. अजगर भक्ष्याचीं हाडें मोडून किंवा केवळ श्वास कोंडून मारतो, अशी समजूत फार दिवस होती. विळखा घालून मारणाऱ्या बोआ जातीच्या सर्पांवर केलेले प्रयोग २०१५ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत असें दिसलें कीं विळखा पडतांच कांहीं सेकंदांत भक्ष्याचें रक्ताभिसरण खुंटतें. म्हणजे सोडवावयास धांवणाऱ्याला फारसा अवधि मिळत नाहीं. अजगराच्या ओंठांवर उष्णता ओळखणाऱ्या खळ्या असतात. सशाचा वास लागलेला ऊबदार हात पुढें आला कीं तो हात धन्याचा कीं भक्ष्याचा हा विवेक त्याला राहत नाहीं. त्यांत द्वेष नाहीं, क्रोध नाहीं; भूक आहे. म्हणूनच आठ-दहा फुटांपुढील अजगर एकट्यानें कधींहि हाताळूं नये, असा जाणत्या लोकांचा नियम आहे.

२००९ सालच्या जुलै महिन्यांत फ्लॉरिडांत घरांत पाळलेला सुमारें साडेआठ फुटांचा ब्रह्मी अजगर रात्रीं आपल्या पेटींतून निसटला आणि त्यानें पाळण्यांतील दोन वर्षांच्या मुलीचा प्राण घेतला. मुलीच्या आईला आणि तिच्या जोडीदाराला २०११ सालीं प्रत्येकी बारा वर्षांची शिक्षा झाली. २०१३ सालच्या ऑगस्टांत कॅनडांतील कॅम्पबेल्टन गांवीं आफ्रिकी जातीचा अजगर असाच निसटला आणि झोंपलेलीं दोन भावंडें, एक सहा वर्षांचें व एक चार वर्षांचें, दगावलीं. अशा घटना विरळा आहेत हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत कुत्र्यांच्या हल्ल्यांनीं होणारे मृत्यु ह्याहून कितीतरी अधिक आहेत. पण कुत्रीं लाखों घरांत आहेत आणि प्रचंड अजगर फार थोड्या. आणि ज्या घरांत पाळणा हलत असतो त्या घराला सरासरीचा हिशेब सांगून काय उपयोग? ह्याखेरीज सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नांवाचे रोगजंतु असूं शकतात. म्हणून पांच वर्षांखालील मुलांनीं आणि पासष्ट वर्षांपुढील वृद्धांनीं त्यांस हाताळूं नये, असा अमेरिकेच्या आरोग्यखात्याचा सल्ला आहे. आमच्या पुतण्याच्या घरीं हीं दोन्ही टोंकें एकाच छपराखालीं आहेत.

मुलाचें म्हणणें असें कीं, "मी त्याला कधींच सोडून देणार नाहीं." ह्या वाक्याचें मोल फ्लॉरिडानें चुकविलें आहे. १९९६ ते २००६ ह्या काळांत अमेरिकेंत नव्वद हजारांहून अधिक ब्रह्मी अजगर आयात झाले. घेणाऱ्यांनीं प्रेमानें घेतले. पुढें जनावर आवरेनासें झालें, तेव्हां कांहींनीं तें दलदलीच्या रानांत नेऊन सोडलें. १९९२ सालच्या अँड्र्यू चक्रीवादळांत पैदाशीचीं ठिकाणें उध्वस्त होऊन कांहीं सुटले, असेंहि मानतात. २००० सालापर्यंत एव्हरग्लेड्सच्या अरण्यांत त्यांनीं वस्ती करून वंश वाढविल्याचें मान्य झालें. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत तेथील रॅकूनांचें दर्शन ९९.३ टक्क्यांनीं, ऑपॉसमांचें ९८.९ टक्क्यांनीं आणि रानमांजरांचें ८७.५ टक्क्यांनीं घटलेलें आढळलें. ससे तर दिसलेच नाहींत. शेवटीं २०१७ सालीं तेथील विद्यापीठानें तामिळनाडूंतील इरुळ जमातीचे मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल ह्या दोघां निष्णात सर्पशोधकांना साहाय्यार्थ बोलाविलें. त्यांनीं पहिल्या दोन आठवड्यांच्या आंत तेरा अजगर धरून दिले. २०२३ सालीं त्या दोघांस पद्मश्री मिळाली, ह्याचा आम्हांस अभिमान वाटतो. पण कांहीं घरांनीं टाकलेला भार उचलण्यास सातासमुद्रांपलीकडून माणसें न्यावीं लागलीं, हेंहि विसरतां येत नाहीं.

कायद्यानेंहि आतां डोळे उघडले आहेत. २०१२ सालीं ब्रह्मी अजगराची आणि २०१५ सालीं जाळीदार अजगराची अमेरिकेंत आयात बंद झाली. फ्लॉरिडानें हौसेखातर ब्रह्मी अजगर नव्यानें घेण्यास २०१० सालींच मनाई केली. टेक्सासमध्यें अशा प्रचंड जातींसाठीं परवाना लागतो. आपल्या देशांत तर प्रश्नच उरत नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें आपला अजगर पहिल्या अनुसूचींत आहे; त्याला धरणें किंवा बाळगणें हा तीन ते सात वर्षांच्या कारावासाचा अपराध आहे. शेतांत किंवा परसांत अजगर दिसल्यास त्याला मारूंहि नये व ठेवूंहि नये, वनखात्यास कळवावें.

हें सर्व तोलून आम्हीं पुतण्यास उत्तर धाडलें कीं, मोठ्या जातीचा अजगर घेऊं नये. मुलाला मात्र स्वतंत्र पत्र लिहिलें. कारण ज्याला 'नाहीं' म्हणावयाचें त्याला कारणें समक्ष सांगावीं, बापाकरवीं निरोप पाठवूं नये. त्याला लिहिलें: "तुझी जिज्ञासा खरी आहे, तिला आमचा आशीर्वाद आहे. जवळच्या प्राणिसंग्रहालयांत सर्पविभागांत मदतनीस म्हणून काम मिळतें का पाहा. पिंजरे धू, नोंदी ठेव. बहीण मोठी होऊं दे. तुझें शिक्षण पुरें होऊन तुझें स्वतःचें घर झाल्यावरहि ओढ टिकली, तर तीन-चार फुटांच्या आंतबाहेर राहणारी एखादी लहान जात पाळण्याचा विचार कर. तीहि पुष्कळ वर्षें जगते, हें विसरूं नको." अजगराला आपल्या धन्याचा लळा लागत नाहीं, संवय होते, हेंहि त्याला कळविलें. कुत्रें दाराशीं वाट पाहतें, अजगर पाहत नाहीं. मग त्याला पेटींत ठेवण्यांत सुख कोणाचें, हा प्रश्न त्यानेंच स्वतःला विचारावयाचा आहे.

आमच्या मतें कोणताहि जीव घरीं आणण्यापूर्वीं घरच्या सर्वांनीं एकत्र बसून तीन गोष्टींचा निर्णय करावा: तो पूर्ण वाढल्यावर ह्या घरांत मावेल काय, त्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत त्याचें करणारें माणूस कोण, आणि ज्यांना बोलतां येत नाहीं अशा लहानग्यांच्या वतीनें 'हो' म्हणण्याचा अधिकार कोणाचा. पहिल्या दोहोंचीं उत्तरें हौशी माणसाला बहुधा सुचतात. तिसऱ्याशीं तो अडखळतो, आणि तेथें अडखळणेंच योग्य आहे. पाल्य हा शब्द आपण मुलांना लावतों. ज्याला पाळावयाचें त्यालाहि तोच लागू आहे. एका पाल्यासाठीं दुसऱ्या पाल्याचा पाळणा धोक्यांत घालण्याचा अधिकार कोणत्याहि गृहस्थास नाहीं.