आदल्या रात्रीची न्याहारी

गरम आणि पोटाला आधार देणारी, प्रथिनं भरपूर असलेली न्याहारी काय करावी, हा प्रश्न बहुतेक घरांत सकाळी साडेसातला पडतो. तेव्हा उशीर झालेला असतो. त्या वेळी हाताशी पोहे असतात, रवा असतो, पाव-बिस्किटं असतात. डाळी आणि कडधान्यं डब्यात कोरडी पडलेली असतात, आणि कोरडा वाटाणा काही अर्ध्या तासात शिजत नाही. आपल्याकडच्या ज्या न्याहाऱ्या खरोखर पोषक आहेत, त्यांची सुरुवात आदल्या संध्याकाळी होते. हे मला सर्वांत नीट कळलं ते कुडाळजवळ आतेच्या स्वयंपाकघरात. तिच्याकडे आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं होणार असलं की दिवेलागणीच्या आधीच कामाला हात लागतो.

पहिलं काम वाटाणे निवडण्याचं. काळा वाटाणा बारीक, गडद तपकिरी, सुरकुतलेला. त्यात त्याच रंगाचे खडे असतात आणि ते डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतात. आते सूप मांडीवर घेते, मूठभर वाटाणे पुढे ओढते, बोटांनी पसरते आणि पलीकडे सारते. वाटाणे ती एकदम फार आणत नाही, महिन्याला लागतील तेवढेच आणते. कोकणातल्या दमट, उबदार हवेत कडधान्य फार दिवस राहिलं की ते मुरतं. मग कितीही भिजवा, शिजायला वेळ घेतंच. निवडून झालं की दोन पाण्यांनी धुऊन, तिप्पट पाण्यात, चिमूट मीठ घालून भिजत घालायचे. मिठाने कडधान्य कडक होतं अशी समजूत घरोघर आहे. भिजवण्याच्या पाण्यातलं मीठ मात्र सालीतला चुन्याचा अंश सैल करतं आणि साल मऊ पडते. आतेला त्यामागचं कारण ठाऊक नाही. तिच्या सासूने घातलं, म्हणून ती घालते, आणि तिचे वाटाणे सालीसकट मऊ होतात.

सकाळी हे वाटाणे फुगून दुप्पट झालेले असतात. तरी तळाशी काही दाणे जसेच्या तसे, टणक, चकचकीत राहिलेले दिसतात. हे गणंग. त्यांच्या सालीतून पाणी आत शिरलेलंच नसतं, त्यामुळे कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी ते दाताखाली येणार. आते पाण्यात हात फिरवून ते वेचून काढते. एवढं एक काम केलं की सांबारं निश्चिंतपणे चावता येतं, आणि घरात दात दुखणारं म्हातारं माणूस असेल तर हे काम टाळू नये.

दुसऱ्या पातेल्यात तांदूळ, तिसऱ्यात उडीदडाळ आणि मेथी. तिचं प्रमाण 4 वाट्या तांदळाला 1 वाटी डाळ आणि चहाचा चमचाभर मेथी. दोन्ही वेगळं भिजवायचं आणि वेगळं वाटायचं, कारण दोघांचं वागणं वेगळं. तांदूळ किंचित रवाळ राहिला तर आंबोळीला अंग येतं. डाळ मात्र अगदी गुळगुळीत हवी, आणि वाटताना पाणी थोडं थोडं, गार. मिक्सर सलग फिरवला की भांडं तापतं, म्हणून आते मध्ये मध्ये थांबते. डाळ झाली का हे पाहण्यासाठी वाटीभर पाण्यात पिठाचा एक थेंब सोडते. थेंब तरंगला तर डाळीत हवा नीट कोंडली गेली आहे. बुडाला तर आणखी फिरवायचं.

उडदालाच हे जमतं, हरभऱ्याच्या डाळीला का जमत नाही, याचं उत्तर उडदाच्या चिकटपणात आहे. उडीद वाटला की त्यातून बुळबुळीत, तार सुटणारा पदार्थ येतो. त्यातली प्रथिनं आणि हा चिकटपणा मिळून पिठात असंख्य बारीक पिशव्या तयार करतात. रात्रभरात धान्यावर मुळातच असलेले जिवाणू पिठातली साखर खातात, आम्ल आणि वायू सोडतात. आम्लाने पीठ आंबतं, वायू त्या पिशव्यांत अडकतो आणि पीठ फुगतं. सोडा नाही, यीस्ट नाही, काही नाही. दोन्ही वाटणं एकत्र करताना आते डाव वापरत नाही, हात घालते आणि तळापासून वर अशी बराच वेळ फेटते. हाताची ऊब पिठाला मिळते असं ती म्हणते. पाण्याने पीठ फार सैल करत नाही. डोशापेक्षा दाट, भज्यांच्या पिठापेक्षा पातळ, एवढंच.

मग पीठ मोठ्या टोपात. टोप अर्धाच भरलेला, कारण वर यायला जागा हवी. उन्हाळ्यात तो ओट्यावर राहतो आणि सहा-सात तासांत पीठ काठाला येतं. डिसेंबर-जानेवारीत, रात्री गारवा पडला की, तो चुलीच्या वायलावर जातो, वर जुन्या गोधडीची घडी. पहाटे आतेचा पहिला आवाज येतो तो सुनेला: "पीठ फुगलां काय बघ गो." झाकण उघडलं की आंबट, किंचित गोडसर वास येतो, आणि पिठावर बारीक बारीक फोड दिसतात. डाव घातला की आत जाळी दिसते. इथून पुढे पीठ फार ढवळायचं नाही. अडकलेला वायू जेवढा टिकेल तेवढा तव्यापर्यंत जायला हवा.

या सगळ्या खटाटोपाने प्रथिनं वाढतात का? वजनात फारशी नाही. आंबवण्याने आणि मोड आणण्याने प्रथिनं दुप्पट होतात असं ज्या उत्साहाने सांगितलं जातं, तसं काही घडत नाही. घडतं ते वेगळं आणि कामाचं. डाळी-कडधान्यांत काही घटक असतात जे प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात, आणि फायटिक आम्ल असतं जे लोह आणि जस्त धरून ठेवतं. भिजवणं, आंबवणं आणि नीट शिजवणं यांनी हे घटक कमी होतात. म्हणजे तेच धान्य अंगी अधिक लागतं. दुसरी गोष्ट ताटातल्या जोडीची. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, पण मेथिओनिन बऱ्यापैकी असतं. उडीद आणि वाटाणा यांचं नेमकं उलट. एकाची उणीव दुसरं भरून काढतं, आणि इथे तर ही जोडी एकदा पिठातच जुळते आणि पुन्हा सांबाऱ्याशी जुळते.

आकडे मांडून पाहिले तर हे आणखी स्पष्ट होतं. 2020 च्या आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींनुसार 65 किलोच्या पुरुषाला दिवसाला सुमारे 54 ग्रॅम आणि 55 किलोच्या स्त्रीला सुमारे 46 ग्रॅम प्रथिनं हवीत. तीन मध्यम आंबोळ्यांत साधारण 90 ग्रॅम कोरडं धान्य जातं; त्यातून नऊ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. वाटीभर सांबाऱ्यात 40 ग्रॅम कोरडे वाटाणे धरले तर आणखी आठेक ग्रॅम. म्हणजे सकाळच्या एका ताटात सतरा ग्रॅमच्या जवळपास, दिवसाच्या गरजेचा एक तृतीयांश. पोह्यांच्या बशीत चारेक ग्रॅम मिळतात, वर शेंगदाणे घातले तर थोडे जास्त. साबुदाण्यात तर जवळजवळ काहीच नसतं, खिचडीत जे असतं ते दाण्याच्या कुटातून येतं. पोह्यांवर माझा राग नाही. पण शाळेत जाणाऱ्या मुलाला अकरा वाजता भूक लागते तेव्हा त्याचं कारण बहुधा सकाळच्या बशीत असतं.

सांबाऱ्याचं काम तोवर दुसऱ्या चुलीवर चालू असतं. वाटाणे भिजवलेलं पाणी टाकून नव्या पाण्यात, हळद आणि हिंग घालून कुकरला लावलेले. सोडा आते कधीच घालत नाही. सोड्याने वाटाणे लवकर शिजतात खरे, पण साल सुटते, चव साबणासारखी होते आणि बी-1 जीवनसत्त्व नष्ट होतं. वाटप वेगळं. उभा चिरलेला कांदा आणि किसलेलं खोबरं लोखंडी कढईत थोड्या तेलावर भाजायचं, आधी कांदा, मग खोबरं. खोबरं बदामी झालं की पुढचे काही क्षण हात थांबता कामा नये, कारण बदामीचं काळं व्हायला वेळ लागत नाही आणि करपलेलं खोबरं सगळं सांबारं कडू करतं. धणे, बडीशेप, चार मिरी, दोन लवंगा, लसूण. हे सगळं गंधासारखं वाटून घ्यायचं. फोडणीत कांदा, मालवणी मसाला, मग शिजलेले वाटाणे त्यांच्या पाण्यासकट. आते डावाच्या पाठीने मूठभर वाटाणे कढईच्या कडेला चिरडते, त्याने रस आळून येतो आणि वेगळं पीठ लावावं लागत नाही. वाटप सगळ्यांत शेवटी. आमसूल त्याहूनही शेवटी. आंबट आधी पडलं की वाटाण्याची साल मऊ व्हायची थांबते. चिंच, टोमॅटो, आमसूल, कशानेही. ज्यांची उसळ कधीच शिजत नाही त्यांनी आधी हे तपासावं.

श्रावणात आणि गणपतीत, मासे बंद असतात तेव्हा, या काळ्या वाटाण्यावर सिंधुदुर्गातली अर्धी घरं चालतात. सणाला त्याच्याबरोबर वडे येतात. रोजच्या सकाळी आंबोळी.

तवा बिडाचा, जड. तो आधी चांगला तापवायचा, मग आच मध्यम. तेल लावायला नारळाच्या सोडणाचा तुकडा ठेचून केलेला कुंचा. डावभर पीठ मध्यभागी ओतायचं आणि डावाच्या बुडाने जेमतेम एक फेरा द्यायचा. डोशासारखं पसरायचं नाही. ओतलं की क्षणभर काही होत नाही, मग कडेकडून भोकं पडू लागतात आणि आत आत सरकत जातात, मधाच्या पोळ्यासारखी. झाकण ठेवायचं. वरचा ओलेपणा गेला की उलथन्याने उचलून एकदा पालटायची. खालची बाजू तपकिरी, कुरकुरीत, वरची मऊ. ती थेट ताटात येते, त्यावर सांबारं, आणि आते समोर उभी: "आधी खा, मगे बोल." आंबोळीच्या गरमपणाला खरंच मुदत आहे. निवली की जाळी बसते आणि ती चामट होते.

इथेच मला एक गोष्ट खटकत आली आहे. घरातले सगळे तव्यावरची खातात आणि करणारी शेवटी, गार. आतेला म्हटलं तर उत्तर ठरलेलं: "तुमचा होवंदे, मगे मी खातंय." पोषणाच्या गप्पा मारताना हे बाजूला ठेवता येत नाही, कारण आपल्याकडे रक्त कमी असतं ते बहुधा तव्यासमोरच्या बाईचंच. आता आतेच्या घरी दोन तवे आहेत. दुसऱ्यावर तिचा नातू उभा राहतो, बारावीला आहे, आणि त्याच्या आंबोळ्या आतेपेक्षा जास्त गोल येतात. घाई नसलेल्या दिवशी तिघं-चौघं एकत्र बसतात.

शहरात हे सगळं कसं जमवायचं? कोकणातून मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांनी त्याची वाट कधीच काढली आहे. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे, उडीद आणि मेथी घालून गिरणीतून दळून आणायचे. हे आंबोळीचं पीठ, कुळथाचं पीठ, मसाला आणि आमसुलं गणपती आटोपून परतताना कोकण रेल्वेच्या डब्यातून डोंबिवली-विरारला जातात. रात्री कोमट पाण्यात पीठ कालवून ठेवलं की सकाळी आंबोळी होते, वाटायचं काम वाचतं. ओल्या वाटणाइतकी जाळी पडत नाही, पण चव तीच.

कुळथाचं पीठ तर त्याहून सोपं. कुळीथ भाजून, भरडून, साल पाखडून दळलेला असतो, आणि त्यात शंभर ग्रॅममागे बावीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. लसणाची फोडणी, पाणी, आमसूल, उकळी आली की पाण्यात कालवलेलं पीठ. दहा मिनिटांत पिठी तयार, आणि उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर ती शेतावर जाणाऱ्या माणसाला दुपारपर्यंत पुरते. रात्री काही भिजवायचं राहून गेलं तर सकाळी हीच करावी.

दोघंही नोकरी करणाऱ्या घरासाठी मी सुचवेन ते असं. रविवारी वाटाणे जरा जास्त शिजवावेत आणि त्यांच्या पाण्यासकट वाटी-वाटीने फ्रीजरमध्ये टाकावेत. पीठ आंबलं की लगेच फ्रीजमध्ये ठेवावं, दोन-तीन दिवस चांगलं राहतं. तिसऱ्या दिवशी आंबटपणा वाढतो, तेव्हा त्यात बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर आणि मूठभर भिजवून वाटलेले मूग घालून जाड धिरडं घालावं. काढताना लागेल तेवढंच वेगळ्या भांड्यात घ्यावं आणि मीठ त्यातच घालावं. वाटप भाजून ठेवता येतं, पण पाणी घालून वाटलेलं ओल्या खोबऱ्याचं वाटप फ्रीजमध्ये दोन दिवसांपुढे ठेवू नये. त्यापेक्षा भाजलेलं कांदा-खोबरं कोरडंच ठेवावं आणि सकाळी वाटून घ्यावं.