विटांच्या भिंतीची निगा

पावसाळा सरला. दिवाळी झाली. आता घराला बाहेरून एक फेरी मारू या.

केनवडसारख्या गावात विटांचे घर बांधले, की आपण म्हणतो, "चला, काळजी मिटली!" पण विटेच्या भिंतीलाही निगा लागते. अकोला जिल्ह्यातला बाळापूरचा किल्ला विटांचाच आहे. अचलपूरचा नवाब इस्माईल खान याने तो १७५७ साली पुरा केला. त्याचे तट आजही उभे आहेत. मग आपली भिंत थोड्याच वर्षांत का झडते?

कारण पाणी. विटेत बारीक छिद्रे असतात. कंदिलाची वात जसे तेल ओढते, तशी वीट जमिनीतली ओल वर ओढते. ओलीबरोबर क्षार येतात. ऊन लागले की पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. त्यांचे खडे विटेत वाढतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. यालाच लोणा लागणे म्हणतात.

कोणी म्हणेल, "वरून सिमेंट थापा, झाले!" आम्हीही एकदा तसेच केले. ओल आत कोंडली. दोन पावसाळ्यांत गिलावा फुगला आणि विटांचे पापुद्रे घेऊन खाली आला. पैसा गेला, भिंतही उघडी पडली.

मग करायचे काय?

आधी पाणी दूर न्या. भिंतीलगत माती, शेण, सरपण यांचा ढीग नको. पागोळ्यांचे आणि न्हाणीचे पाणी नालीने लांब काढा.

लोणा कोरड्या कुंच्याने झाडा. धुऊ नका, पाण्यात विरून तो पुन्हा आत शिरतो. झाडलेला लोणा भिंतीपाशी टाकू नका. शेवाळ लाकडी पट्टीने खरवडा. तारेचा ब्रश आणि तेजाब लावू नका, वीट खराब होते.

पिंपळाचे रोप दिसले, तर ते लहान असतानाच मुळासकट काढा.

दरजा पोकळ झाल्या असतील, तर बोटाच्या पेराएवढ्या खोल कोरा. पाणी शिंपडा. जुनी भिंत चुन्याची असेल, तर एक भाग विरवलेला चुना आणि तीन भाग वाळू कालवून भरा. आठवडाभर ओले गोणपाट टांगा. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका.

आता भेगा. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्याने भिंत तडकते. भेग दिसली तर तिच्या टोकाला पेन्सिलीने रेघ मारा. शेजारी तारीख लिहा. दर महिन्याला पाहा. भेग रेघेच्या पुढे गेली, तर जाणत्या गवंड्याला बोलवा. तोवर त्या भिंतीखाली अंथरूण घालू नका, ढोरे बांधू नका.

तारीख मात्र आपल्याच हाताने लिहा. आता आपल्याला लिहिता येते ना!