दोन हजार डबे, तीन हजार माणसं

१७ जानेवारी १९९५. पहाटेचे ५ वाजून ४६ मिनिटं. जपानमधल्या अवाजी बेटाच्या उत्तर टोकापाशी जमीन हलली आणि कोबे शहर कोसळलं. ६,४३४ माणसं गेली, तीन लाखांहून अधिक लोक शाळांच्या आणि सभागृहांच्या आसऱ्याला आले. त्यांच्या अन्नाची, पाण्याची, पांघरुणांची सोय ज्यांनी लावायची, त्या महापालिकेच्या कर्मचाऱ्यांतही अनेकांची स्वतःची घरं पडली होती. त्या दिवसांत त्यांनी घेतलेले कितीतरी निर्णय कोणत्याही नियमपुस्तकात नव्हते.

पुढे संशोधकांनी या कर्मचाऱ्यांना बोलतं केलं. क्योतो विद्यापीठातले यामोरी कात्सुया, केइओ विद्यापीठातल्या किक्कावा तोशिको आणि खेळांचे अभ्यासक आजिरो त्सुयोशी यांनी त्या मुलाखतींतून २००४ मध्ये ‘क्रॉसरोड’ नावाचा पत्त्यांचा खेळ रचला. सामाजिक प्रश्नावर खेळ रचू पाहणाऱ्या कोणीही आधी हा खेळ समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

खेळ दिसायला अगदी साधा. पाचेक जण बसतात. प्रत्येक पत्त्यावर एक भूमिका आणि एक पेच असतो. समजा, तुम्ही अन्नपुरवठा सांभाळणारे कर्मचारी आहात. निवारा केंद्रात तीन हजार माणसं आहेत, हाती आलेत दोन हजार जेवणाचे डबे आणि पुढचे कधी येतील ते सांगता येत नाही. वाटायचे की नाही? दुसऱ्या पत्त्यावर तुमचं घर अर्धं पडलंय, बायकामुलं भेदरलीत, आगगाड्या बंद आहेत. कार्यालयात पोचायला दोन-तीन तास चालावं लागेल. निघायचं की नाही? आणखी एका पत्त्यावर तुम्ही साधे नागरिक, आणि घरच्यांइतकीच जिवाभावाची ‘मोमो’ नावाची मोठी कुत्री. शाळेतल्या निवाऱ्यात तिला न्यायचं? प्रत्येकाने ‘हो’ किंवा ‘नाही’चा पत्ता पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उलटायचा.

गुण मिळतात ते छोट्या गाद्यांच्या रूपात. जपानी दूरदर्शनवर १९६६ पासून चालू असलेल्या ‘शोतेन’ या विनोदी कार्यक्रमात हजरजबाबी कलावंताला बसायला एकावर एक गाद्या मिळतात, त्याचीच ही आठवण. बहुमताच्या बाजूला असलेल्यांना निळी गादी. पण एखादाच खेळाडू एकटा पडला, तर सोनेरी गादी त्याला, आणि बाकीच्यांना काहीच नाही.

या एका नियमासाठी मी या रचनाकारांना मानतो. कोणत्याही बैठकीत एकटा पडलेला माणूस गप्प होतो. आपत्तीच्या काळात तर तो आधीच गप्प असतो, कारण वेळ नसतो आणि वरिष्ठ घाईत असतात. इथे नियमच त्याला बोलायला लावतो. गादी मिळाली की सगळे त्याच्याकडे वळून विचारतात, का? मग ‘हो’ म्हटलं तर काय अडेल, ‘नाही’ म्हटलं तर काय अडेल, हे दोन्ही कागदावर उतरवायचं. पत्त्यामागे बरोबर उत्तर छापलेलं नसतं, कारण कोबेतल्या माणसांकडेही ते नव्हतं.

नीतीचे खेळ तसे जुनेच. आपल्याकडे मोक्षपट होता. ज्ञानेश्वरांशी परंपरेने जोडलेला, शिडीवर सद्गुण आणि सापावर दुर्गुण लिहिलेला. जपानात ‘जोदो सुगोरोकू’ होता, म्हणजे बौद्ध पट. माणसाच्या लोकातून निघायचं, नरक टाळत बुद्धत्वापर्यंत चढायचं. फाशावर ठिपक्यांऐवजी अक्षरं. दोन्हीकडे काय चांगलं, काय वाईट हे पटावर आधीच रंगवलेलं, आणि खेळणाऱ्याच्या हाती फक्त दान. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगीने १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट घेतलं, तेव्हा तिने जमिनीच्या मक्तेदारीचा प्रश्न थेट नियमांत बसवला. तिच्या खेळाला पुढे नियमांचे दोन संच होते, एक संपत्ती वाटून घेण्याचा, दुसरा सगळ्यांना चिरडून जिंकण्याचा. जगभर गाजलेल्या मोनोपॉलीत त्यातला दुसराच उरला. नियम बदलला की प्रश्नच बदलतो, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

जपानच्या सरकारी कचेऱ्यांनी हे ओळखलं. मिए प्रांतात १९९७ मध्ये ‘डीआयजी’ हा खेळ तयार झाला. आपल्याच भागाचा नकाशा पसरायचा, त्यावर पारदर्शक कागद घालायचा आणि अरुंद गल्ल्या, विहिरी, एकटे राहणारे वृद्ध अशा खुणा करत जायचं. शिझुओका प्रांताने २००७ मध्ये निवारा केंद्र चालवण्याचा ‘एचयूजी’ खेळ काढला. समोर शाळेचा आराखडा. एक जण पत्ते वाचत जातो, आणि येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला जागा द्यायची: तान्हं बाळ असलेली आई, तापाने फणफणलेला म्हातारा, भाषा न येणारा परदेशी. मध्येच संडास तुंबतात, पत्रकार येतात, पांघरुणांचा ट्रक दारात उभा राहतो. वाचणारा थांबत नाही. व्यायामशाळेत जायला वाट ठेवायचं राहून गेलं, हे खेळणाऱ्यांना उशिरा कळतं, आणि तोवर माणसं बसवून झालेली असतात. इथे शिकवणारी गोष्ट म्हणजे वेग.

भूकंपाबाहेरचा माझा आवडता खेळ कुमामोतोचा. तिथल्या प्रांतिक कर्मचाऱ्यांच्या स्वयंस्फूर्त गटाने २०१४ मध्ये ‘सिम कुमामोतो २०३०’ रचला. खेळणारे एका काल्पनिक शहराचे खातेप्रमुख. लोकसंख्या म्हातारी होत जाते, आरोग्य आणि पेन्शनचा खर्च फेरीगणिक वाढतो, म्हणून काहीतरी कापावं लागतं. वाचनालय की बस? कर्ज काढलं तर ते पुढच्या फेरीत मानगुटीवर बसतं. काय कापलं आणि का, ते सगळ्यांसमोर सांगावं लागतं. हा खेळ गावोगावच्या पालिकांनी आपापल्या नावाने उचलला, कारण जो प्रश्न अंदाजपत्रकाच्या रकान्यांत कोणी वाचत नाही, तो इथे माणसाला तोंडाने बोलावा लागतो.

मागणी वाढल्यावर कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांसाठीही असे खेळ आले. शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांवरचा ‘२०३० एसडीजीज’ २०१६ मधला. माणसं एकमेकांशी बोलती होतात, हे त्याचं श्रेय. पण जगाची गरिबी, पर्यावरण आणि अर्थव्यवस्था एका दुपारच्या मोजपट्टीवर सावरता येते, असा दिलासा घेऊन खेळाडू घरी जाणार असेल, तर त्याने प्रश्नाला हातही लावलेला नाही, असं माझं मत आहे. कोबेचा खेळ असा दिलासा देत नाही. एक हजार माणसं उपाशी राहतात किंवा तीन हजार.

क्रॉसरोडचं दुसरं मोठेपण म्हणजे तो रचनाकारांच्या हातून सुटला. २०११ च्या त्सुनामीनंतर इबाराकी प्रांतातल्या ओआराई या किनारी गावाला फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेमुळे बदनामी सोसावी लागली; मासळी आणि पर्यटन दोन्ही धोक्यात आलं. तिथल्या लोकांनी आपले पेच स्वतः पत्त्यांवर लिहिले आणि ‘ओआराई आवृत्ती’ तयार झाली. ज्याने भोगलं त्यानेच प्रश्न लिहिला.

आपल्याकडे अशा पत्त्यांचा साठा पडून आहे. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी शेतकऱ्यांनी गोठ्यातली जनावरं सोडून होडीत चढायला नकार दिला. तिथे मोमोच्या जागी दुभती म्हैस येईल, आणि ‘हो’ की ‘नाही’ हे सांगणं आणखी कठीण होईल. किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. शेतापासून लांब पण सुरक्षित गावठाणात जायचं की मोडक्या वाड्याशेजारीच राहायचं, हा पेच घराघरात उभा राहिला असणार. कोबेत भूकंपापासून खेळापर्यंत नऊ वर्षं गेली. किल्लारीला तीस वर्षं उलटून गेली आहेत. त्या वेळचे तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, तहसीलदार आता निवृत्त झाले आहेत, काही आपल्यात राहिलेलेही नाहीत. पत्ते छापण्याआधी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावं लागेल, आणि ते काम याच वर्षी सुरू व्हायला हवं.