लमेत्र यांनी खोडलेला परिच्छेद

मे १९३१ मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात एक पत्र छापून आलं. एका पानातही आरामात मावेल एवढंच. लिहिणारे होते बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठातले प्राध्यापक जॉर्ज लमेत्र. विश्वातलं सगळं द्रव्य आणि सगळी ऊर्जा आरंभी एकाच अणूत सामावलेली असावी आणि त्याच्या विघटनातून आजचं विश्व उलगडत गेलं असावं, अशी कल्पना त्यांनी मांडली होती. पुढे महास्फोट सिद्धांत म्हणून जे जगाला कळलं, त्याचा हा पहिला उच्चार. या पत्राच्या मूळ मसुद्याच्या शेवटी आणखी एक परिच्छेद होता. जो ईश्वर मानतो तो हेही मानतो की ईश्वर स्वभावतःच दृष्टीआड आहे. तेव्हा आजचं भौतिकशास्त्र सृष्टीच्या जन्मावर पडदा ओढतं, हे पाहून त्याला समाधानच वाटेल, अशा आशयाचा. तो परिच्छेद लमेत्र यांनी काट मारून काढून टाकला. छापील पत्रात तो नाही.

लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते. खोडलेल्या ओळींवर त्यांची श्रद्धा नव्हती असं मुळीच नाही. तो त्यांचा आयुष्यभराचा विश्वास होता. फक्त भौतिकशास्त्राच्या पत्रात त्याला जागा नाही, हे त्यांनी ओळखलं. विज्ञान आणि धर्म या विषयावर गेल्या शतकात हजारो पानं लिहिली गेली. त्या सगळ्यांपेक्षा मला ही एक काट मोलाची वाटते.

लमेत्र यांचा जन्म १८९४ चा. अभियांत्रिकी शिकत असताना पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ते सैन्यात गेले. युद्धानंतर गणित आणि धर्मशिक्षण बरोबरीने चाललं. १९२३ मध्ये त्यांनी धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी ते केंब्रिजला आर्थर एडिंग्टन यांच्याकडे सापेक्षता सिद्धांत शिकायला गेले. तिथून अमेरिकेत हार्वर्डला. सत्याकडे जाणारे दोन रस्ते आहेत आणि आपण दोन्हींवरून चालायचं ठरवलं, असं ते सांगत.

१९२७ मध्ये ब्रुसेल्सच्या एका फ्रेंच नियतकालिकात त्यांनी दाखवून दिलं की आइनस्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणारं विश्व निघतं, आणि दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जाताना दिसतात त्याचं कारण हेच. त्याच वर्षी ब्रुसेल्सला सॉल्व्हे परिषदेच्या निमित्ताने त्यांची आइनस्टाइनशी भेट झाली. गणितात चूक नाही, पण यातलं भौतिकशास्त्र अजिबात पटण्यासारखं नाही, असं आइनस्टाइननी त्यांना तोंडावर सांगितलं. दोन वर्षांनी खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांची दीर्घिकांवरची निरीक्षणं प्रसिद्ध झाली आणि वारं फिरलं.

आता १९५१ कडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथे उभा राहतो. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी पोपच्या विज्ञान अकादमीसमोर भाषण केलं. आधुनिक विज्ञान काळाच्या उलट्या दिशेने मागे जात जात बायबलमधल्या त्या पहिल्या प्रकाशाच्या क्षणाचं जणू साक्षीदार झालं आहे, असा त्याचा सूर होता. भाषणात सावध वाक्यंही होती, पण जगभर गेली ती ही गोष्ट: विज्ञानाने निर्माता सिद्ध केला. ज्याच्या सिद्धांताच्या जोरावर हे बोललं गेलं तो माणूस त्याच अकादमीचा सदस्य होता, आणि अस्वस्थ झाला होता.

ही अस्वस्थता नीट समजून घ्यायला हवी. पोप हे लमेत्र यांचे धर्मप्रमुख. त्यांनी आपल्या सिद्धांताला आशीर्वाद दिला तर बहुतेकांना धन्य वाटेल. लमेत्र यांना दोन्हींची काळजी वाटली, सिद्धांताचीही आणि श्रद्धेचीही. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९५२ मध्ये, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाचं अधिवेशन रोममध्ये भरणार होतं आणि पोप तिथे जमलेल्या शास्त्रज्ञांना संबोधित करणार होते. त्याआधी लमेत्र रोमला थांबले आणि व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक डॅनियल ओकॉनेल यांच्याशी बोलले. सप्टेंबरच्या भाषणात पोपनी तो दावा पुन्हा केला नाही.

त्याच अधिवेशनात वॉल्टर बाडे यांनी जाहीर केलं की दीर्घिकांची अंतरं मोजण्याच्या पद्धतीत मोठी चूक होती. अंतरं सुमारे दुपटीने वाढवायला हवीत. अंतरं दुप्पट म्हणजे विश्वाचं वयही दुप्पट. हबल यांच्या आकड्यांवरून विश्वाचं वय सुमारे २०० कोटी वर्षं येत होतं, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने असल्याचं दिसत होतं. ही विसंगती बाडे यांच्या दुरुस्तीने बरीच सैल झाली. म्हणजे ज्या आकड्यांना वर्षभरापूर्वी धर्मपीठावरून साक्षीला बोलावलं, ते रोममध्येच बदलले. आज आपण १३८० कोटी वर्षं म्हणतो. प्रसरणाचा आजचा वेग किती, यावर मात्र अजून दोन पद्धतींची दोन उत्तरं येतात, आणि तो वाद मिटलेला नाही. विज्ञानाचा आकडा दुरुस्त होतो ही त्याची ताकद आहे. पण ज्याने त्या आकड्याला देव बांधला, त्याला दर दुरुस्तीला देवही हलवावा लागेल.

दुसऱ्या टोकाला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल होते. विश्वाला सुरुवात आहे ही कल्पनाच त्यांना धर्मकथेच्या वासाची वाटे. १९४८ मध्ये त्यांनी, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला: विश्व प्रसरण पावतं, पण नवं द्रव्य सतत निर्माण होत राहतं, त्यामुळे आरंभही नाही आणि अंतही नाही. एका नास्तिकाने आरंभ नाकारायला धर्माचा आधार घेतला, एका पोपनी आरंभ स्वीकारायला. मला या दोघांची चूक एकच वाटते. भौतिकशास्त्रातला आरंभ आणि धर्मातली निर्मिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दोघांनीही बाजूला ठेवलं.

त्या वेगळ्या कशा, ते तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस यांनी स्पष्ट केलं होतं आणि लमेत्र त्यांचं तत्त्वज्ञान शिकलेले होते. जगाला आरंभ होता हे तर्काने सिद्ध करता येत नाही, ती श्रद्धेची गोष्ट आहे, असं अक्वायनस म्हणतात. जग अनादि असतं तरी ते ईश्वरावर अवलंबूनच राहिलं असतं. आपल्याकडे तर हा विचार आणखी टोकाला गेलेला आहे. पूर्वमीमांसक हे वेदांचे सर्वांत कडवे पुरस्कर्ते. त्यांच्या मते जग कधी उत्पन्न झालंच नाही आणि त्याला निर्माता मानायची गरजही नाही. तरी त्यांच्या वेदनिष्ठेवर कोणी शंका घेतली नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त तर सृष्टी कुठून आली हे तिच्या अध्यक्षालाही ठाऊक असेल की नसेल, अशा शंकेवर थांबतं. हजारो वर्षांपूर्वी असा प्रश्न विचारून तो उघडा ठेवण्याची हिंमत ज्या परंपरेत होती, तिला महास्फोटाच्या शिफारसपत्राची काय गरज?

मग भौतिकशास्त्राची हद्द नेमकी कुठे आहे? दुर्बिणीने लांब पाहणं म्हणजे भूतकाळात पाहणं, कारण प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो. पण असं मागे जाता जाता एक भिंत लागते. जन्मानंतरची पहिली सुमारे ३ लाख ८० हजार वर्षं विश्व इतकं तापलेलं होतं की अणू टिकत नव्हते. मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाला सरळ जाऊच देत नव्हते. पावसाळ्यात घाटात धुकं उतरावं, दिव्याचा उजेड असूनही पलीकडचं वळण दिसू नये, तसं. विश्व निवल्यावर हे धुकं विरलं आणि तेव्हा सुटलेला प्रकाश आजही सगळ्या दिशांनी येतो, सूक्ष्मलहरींच्या रूपात. अर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांना तो १९६५ मध्ये न्यू जर्सीत एका अँटेनात सापडला. लमेत्र तेव्हा आजारी होते. सहकाऱ्याने बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचवली. २० जून १९६६ रोजी ते गेले.

ही भिंत प्रकाशापुरती आहे. गुरुत्वीय लहरींना ती अडवत नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही अशा लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. अशा यंत्रांना आज कृष्णविवरांच्या टकरींतल्या लहरी सापडतात. विश्वाच्या बालपणातल्या लहरी त्यांच्या पकडीपलीकडे, फार क्षीण आहेत. पण तत्त्वतः तो रस्ता खुला आहे, म्हणजे ही हद्द पुढे सरकू शकते. त्याच्याही मागे, सेकंदाच्या दशांशचिन्हानंतर ४२ शून्यं मांडून येणाऱ्या अंशाइतक्या आतल्या काळात, सापेक्षता आणि पुंजयांत्रिकी हे आपले दोन्ही मोठे सिद्धांत एकमेकांशी जुळत नाहीत आणि ‘आधी’, ‘नंतर’ या शब्दांना अर्थ उरतो का, हेच सांगता येत नाही. लमेत्र यांनी १९३१ च्या पत्रात हे ओळखलं होतं: एकच अणू असताना स्थळ आणि काळ या कल्पना लागूच होत नाहीत. आणि आपल्या क्षितिजापलीकडचं जे विश्व आहे, त्याचा बराचसा भाग तर आपल्याला कधीच दिसणार नाही. तिथला प्रकाश इथवर पोहोचणारच नाही.

औंढ्याचं नाव निघालं म्हणून सांगतो. नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानलं जातं, आणि ज्योतिर्लिंगाची मूळ कथा मर्यादेचीच आहे. तेजाच्या स्तंभाचा शेवट शोधायला ब्रह्मदेव वर गेला, विष्णू खाली. विष्णू परत येऊन म्हणाला, मला टोक सापडलं नाही. ब्रह्मदेव खोटं बोलला, केतकीला साक्षीला घेऊन. कथेत शिक्षा झाली ती खोटं बोलणाऱ्याला. टोक न सापडणाऱ्याला नाही. या कथेत कुठलंही विज्ञान नाही आणि ते शोधूही नये. पण न सापडलेलं ‘न सापडलं’ म्हणून सांगण्याचा मान तिने राखला आहे.

विज्ञानात बाहेरचा आधार न घेण्याची लमेत्र यांची शिस्त पाळणारा माणूस आपल्याकडेही होऊन गेला, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर. १९३८ मध्ये कोल्हापुरात जन्म, बनारसला बालपण, केंब्रिजला हॉइल यांचे विद्यार्थी आणि मग सहकारी. १९८८ मध्ये त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. महास्फोट त्यांना शेवटपर्यंत पटला नाही, आणि त्यांचा विरोध भौतिकशास्त्राच्या मैदानावरचा होता: सगळं द्रव्य एकाच क्षणी, नियम मोडून, अवतरतं हे त्यांना मान्य नव्हतं. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी पर्यायी प्रतिमानही दिलं. पुरावा त्यांच्या बाजूने गेला नाही. सूक्ष्मलहरींचा तो प्रकाश महास्फोटातून सहज समजतो, त्यांच्या प्रतिमानातून ओढूनताणून. तरी त्यांनी आपलं म्हणणं सावरायला ना धर्म वापरला, ना राष्ट्राभिमान. उलट अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले नरेंद्र दाभोलकर आणि इतरांना सोबत घेऊन त्यांनी ज्योतिषाची पुण्यात संख्याशास्त्रीय चाचणी केली. पत्रिकांवरून हुशार आणि मतिमंद मुलं ओळखण्यात ज्योतिष्यांना नाणेफेकीहून बरं यश आलं नाही. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. एक धर्मगुरू महास्फोट मांडणारा, एक विवेकवादी तो नाकारणारा, आणि विज्ञानात बाहेरची साक्ष न काढण्याबद्दल दोघांचा काटेकोरपणा सारखाच.

हे आज लिहावंसं वाटलं, कारण आपल्या मोबाइलवर नेमकं उलट चाललं आहे. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी, म्हणजे ऋषींना सगळं ठाऊक होतं, असे संदेश रोज फिरतात. कल्पाचा हिशेब युगांच्या गुणाकारातून आला आहे. त्यामागे खडकांतल्या युरेनियमचं मोजमाप नाही. त्या हिशेबात काळाची जी भव्य कल्पना आहे, ती स्वतःच्या बळावर थोर आहे. दोन आकडे जवळ आले म्हणून तिची किंमत वाढत नाही, आणि उद्या दूर गेले म्हणून घटणारही नाही. आणि ‘देव नाही हे विज्ञानाने सिद्ध केलं’ असं छातीठोकपणे सांगणारेही तीच उडी उलट दिशेने मारतात. असा कोणताही प्रयोग झालेला नाही.

म्हणून व्याख्यानमालांच्या आणि गणेशोत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. ‘विज्ञानाने सिद्ध केलेला ईश्वर’ असा विषय या वर्षी ठेवू नका, ‘विज्ञानाने खोटा ठरवलेला ईश्वर’ असाही नको. खगोलशास्त्रज्ञाला एका संध्याकाळी बोलवा, कीर्तनकाराला दुसऱ्या संध्याकाळी. दोघांनाही आपापल्या विषयाचं बोलू द्या आणि प्रश्नांना भरपूर वेळ ठेवा. ऐकायला येणाऱ्यांनी आधी नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’ वाचलं, तर प्रश्न नेमके होतील.